जुनेर, कल्हई, गोधडी, मोड : जुन्या स्मार्टफोनची पूर्वपीठिका

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून डोंगरी आणि तारोडीपाशी येतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी असलेल्या या भूभागाला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट असे नाव आहे. माहीमजवळची धारावी ती वेगळी. या बेटाचे आज दोन भाग झाले आहेत. गोराई-मनोरी मुंबई महापालिकेत आहेत, तर डोंगरी, तारोडी, चौक, पाली, उत्तन ही गावे २००२ साली स्थापन झालेल्या मिरा-भाईंदर महापालिकेत. शेती, मीठ आणि मासेमारी यांवर जगलेली ही गावे आता महानगराच्या कडेला आली आहेत, आणि महानगराकडे जे जे असते ते सारे इथल्या घरांतही आहे. त्यातच कपाटाच्या खणात पडलेला, कुणी वापरत नसलेला एखादा स्मार्टफोनही आला.

या फोनचे काय करायचे, हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. पण वस्तूचा पहिला उपयोग संपल्यावर तिचा दुसरा उपयोग कसा ठरतो, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा एक ठळक दाखला याच परिसराच्या इतिहासात सापडतो. १७३७ ते १७३९ या काळातल्या वसईच्या मोहिमेत चौकजवळच्या धारावी किल्ल्याला मोठे महत्त्व होते, कारण खाडीच्या मुखावर तिथून नजर ठेवता येत असे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसई घेतली. त्यानंतर वसई प्रांतातल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली, भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा या त्यांपैकी प्रसिद्ध. युद्धातली लूट म्हणून त्या आल्या, हे विसरता येत नाही. पण वस्तूच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कारागिराने ती घंटा ओतली, त्याची परवानगी तिच्या दुसऱ्या आयुष्यासाठी कुणाला लागली नाही. काही घंटांवर जुना सन आणि ख्रिस्ती चिन्हे तशीच राहिली, आणि घंटा मात्र नव्या जागी वाजू लागली.

स्मार्टफोनच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. विकल्यावरही ज्याच्या किल्ल्या बनवणाऱ्याकडे राहतात अशी आपल्या घरातली ही बहुधा पहिली वस्तू. म्हणून जुन्या फोनच्या उपयोगांची नुसती यादी करण्याआधी आपल्याकडे जुन्या वस्तूंची व्यवस्था कशी होती ते पाहावे लागते.

चार शब्द

मराठी घरात जुन्या वस्तूसाठी चार वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेला स्वतःचा शब्द होता.

पहिली वाट जुनेराची. नेसून जुने झालेले लुगडे म्हणजे जुनेर. ते घरातच दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाई. मोठ्या भावाची चड्डी धाकट्याला, आत्याची साडी भाचीला. वस्तू तीच, काम तेच, फक्त माणूस बदले.

दुसरी वाट कल्हईची. तांब्या-पितळेच्या भांड्याच्या आतला कथलाचा थर झिजला की आंबट पदार्थ कळकू लागतो. मग दारावर कल्हईवाला येई, भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकून कथील फिरवी. भांड्याचा देह पिढ्यान्‌पिढ्या टिके, झिजणारा थर तेवढा पुन्हा चढे.

तिसरी वाट गोधडीची. जुनेर अंगावर घालण्याजोगे राहिले नाही की त्याचे थर एकावर एक शिवून पांघरूण होई. इथे वस्तूचे मूळ काम संपलेले असते, पण तिचा एखादा गुण, म्हणजे कापडाचा मऊपणा आणि ऊब, शिल्लक असतो. त्या उरलेल्या गुणावर नवी वस्तू उभी राहते.

चौथी आणि शेवटची वाट मोडीची. भांडे फुटले, कल्हईच्याही पलीकडे गेले, की ते मोडीत घालायचे. तिथे घाटाला, नक्षीला किंमत नसे. वजनावर धातूचा भाव मिळे. फाटक्या कपड्यांसाठी बोहारीण येई आणि कपड्यांच्या बदल्यात भांडे देई. त्यातले बरे कपडे जुन्या कपड्यांच्या बाजारात जात आणि उरलेल्यांच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रे पुसायला.

या चार वाटांना क्रम होता. भांडे आधी कल्हईला जाई, मोडीला शेवटी. लुगडे आधी जुनेर होई, मग गोधडी. ज्या वाटेत वस्तूचे मूल्य सर्वांत जास्त टिकते ती आधी आणि ज्या वाटेत फक्त वजन उरते ती सर्वांत शेवटी, असे ते गरजेतून आलेले शहाणपण होते. स्मार्टफोनच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. तो कसा उलटला, हे समजायला फोन जुना कसा होतो ते पाहू.

फोनचे तीन प्रकारचे म्हातारपण

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन लावला. भारतातला हा पहिला मोबाइल संवाद मानला जातो. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती आला. त्याच वर्षी नोकियाने ११०० हे मॉडेल आणले. त्यात विजेरी होती आणि धूळ आत जाऊ नये अशी कळफलकाची रचना होती. हा फोन जुना होई तो शरीराने. कळा झिजत, बॅटरीचे झाकण तुटे. झाकणाला रबर लावून तो वर्षानुवर्षे चालवणारी माणसे आपण पाहिली आहेत.

२००८ च्या अखेरीस अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला आणि पुढच्या काही वर्षांत फोन हा खिशातला संगणक झाला. त्याबरोबर म्हातारपणाचे आणखी दोन प्रकार आले.

एक, जाळ्याने येणारे म्हातारपण. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा व्यापारी स्वरूपात सुरू झाली. तिचे जाळे केवळ ४जी होते, बोलणेसुद्धा त्यावरूनच. त्यामुळे ३जीचा धडधाकट फोन त्या जाळ्यावर निरुपयोगी होता. पुढे इतर कंपन्यांनीही ३जी आवरते घेतले. फोनमध्ये काहीही बिघडले नव्हते, तरी तो जुना झाला.

दुसरे, आज्ञावलीने येणारे म्हातारपण. बनवणारी कंपनी काही वर्षांनी कार्यप्रणालीच्या सुधारणा पाठवणे थांबवते. मग एकेक अॅप हात वर करते. नोव्हेंबर २०२१ पासून व्हॉट्सअॅपने अँड्रॉइड ४.१ पेक्षा जुन्या फोनची साथ सोडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही मर्यादा अँड्रॉइड ५.० वर नेली. ज्या घरात फोन म्हणजेच व्हॉट्सअॅप, त्या घरात तो फोन त्या दिवशी मेला.

शरीर, जाळे आणि आज्ञावली हे तीन प्रकार वेगळे ओळखणे व्यवहारात फार उपयोगाचे आहे, कारण त्यावरून पुढची वाट ठरते. काच फुटलेल्या फोनचा कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि वाय-फाय शाबूत असू शकतात. जाळ्याने म्हातारा झालेला फोन घरातल्या वाय-फायवर बहुतेक सारे काम करतो. आज्ञावलीने म्हाताऱ्या झालेल्या फोनवर मात्र बँक आणि यूपीआयचे व्यवहार करू नयेत, कारण सुरक्षेची भोके बुजवणे थांबलेले असते. तेवढे वगळले तर बाकी कामांना तो मोकळा आहे.

जुनेर : २०२०चे शालेय वर्ष

फोनचे जुनेर होणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली वाट. गंमत अशी की कपडा मोठ्याकडून धाकट्याकडे जाई, फोन मात्र बहुधा उलट जातो. मुलगा नवा घेतो, जुना आईला देतो.

ही दिशा एकदाच, पण मोठ्या प्रमाणावर बदलली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम हाती घेतली आणि अभ्यास फोनवर येऊ लागला. ‘असर’ या संस्थेच्या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०१८ साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. टाळेबंदी सुरू झाल्यापासून मुलांच्या शिक्षणासाठी फोन घेतलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. ज्यांना नवा घेणे परवडणारे नव्हते त्यांच्यासाठी शिक्षक, माजी विद्यार्थी आणि सामाजिक संस्था यांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी जुने फोन गोळा केले, दुरुस्त केले आणि वाटले. खणातल्या फोनला इतकी निकड त्याआधी कधी आली नव्हती.

पण त्याच पाहणीने दुसरी बाजूही दाखवली. पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यासाचे साहित्य सुमारे एक तृतीयांश मुलांपर्यंतच पोचले होते. म्हणजे फोन हाती असणे पुरेसे नव्हते. डेटाचे पैसे, सिग्नल आणि फोनमध्ये पाहण्यासारखे काही असणे, या तीन गोष्टी हव्या होत्या. एका घरात एक फोन आणि तो दिवसभर बापाबरोबर कामावर, हे चित्र सर्वत्र होते.

यातून पुढच्यासाठी एक धडा निघतो. मुलाला जुना फोन द्यायचा तर भरून द्यावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. ‘किविक्स’ या मुक्त अॅपमध्ये मराठी विकिपीडिया उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय वाचता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो ज्या कामासाठी त्यात पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडला मोठे स्थान होते. कोड वाचायला लागतो तो फक्त एक चालू कॅमेरा. सिम नसलेला, पुस्तकांनी भरलेला फोन हे घरातले छोटे ग्रंथालय होते, आणि त्यावर दर मिनिटाला नवे काही ओढून घेणारे जाळे नसते, हा पालकांच्या दृष्टीने लाभच.

गोधडी : बोलणे संपल्यावर उरलेली इंद्रिये

गोधडीच्या वाटेवर मूळ काम संपलेले असते. फोनचे मूळ काम बोलणे. ते काम काढून टाकले तरी डोळा, कान, घड्याळ, दिशा ओळखणारा भाग, उपग्रहांचे संकेत घेणारा भाग, पडदा आणि एक बऱ्यापैकी वेगवान संगणक एवढे सारे उरते. जुन्या फोनचे टिकाऊ उपयोग या उरलेल्या इंद्रियांवर उभे आहेत.

याचा सर्वांत नवलाचा दाखला श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी२० यानाने ‘सरल’ या मुख्य उपग्रहाबरोबर ब्रिटनमधल्या सरे येथील शास्त्रज्ञांचा ‘स्ट्रँड-१’ हा छोटा उपग्रह सोडला. त्याच्या पोटात गूगलचा नेक्सस वन हा दुकानात मिळणारा फोन होता. २०१० साली बाजारात आलेल्या या फोनला अँड्रॉइड ४.० ही पुढची आवृत्ती मिळाली नव्हती. कंपनीच्या लेखी म्हातारा झालेला फोन पृथ्वीभोवती फिरत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नासानेही फोनसॅट नावाचे फोन बसवलेले उपग्रह सोडले.

जमिनीवरचे दाखले अधिक अनुकरणीय आहेत. टोफर व्हाइट या अमेरिकी अभियंत्याने इंडोनेशियातल्या सुमात्राच्या जंगलात टाकून दिलेले फोन सौरपट्ट्यांसह झाडांवर चढवले. ते जंगलाचे आवाज सतत ऐकत आणि लाकूडतोडीच्या यांत्रिक करवतीचा आवाज आला की सूचना देत. यातून ‘रेनफॉरेस्ट कनेक्शन’ ही संस्था उभी राहिली. सॅमसंगने आपले जुने गॅलॅक्सी फोन डोळ्यांचा पडदा तपासण्याच्या हातातल्या कॅमेऱ्यात बसवले आणि व्हिएतनामपासून ही उपकरणे नेत्रतपासणीसाठी दिली. २०२५ मध्ये एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या फोनमधल्या बॅटऱ्या काढून, त्यांना बाहेरून वीज देऊन, अनेक फोन जोडून छोटी संगणक-केंद्रे तयार केली. एका फोनमागे खर्च सुमारे ८ युरो. त्यांच्या एका चाचणीत हे यंत्र पाण्याखाली बसवून सागरी जीव मोजण्यासाठी वापरले गेले.

समुद्राच्या उल्लेखाने आपण पुन्हा उत्तन-तारोडीच्या किनाऱ्यावर येतो. मच्छीमार आणि मोबाइल यांचे नाते अभ्यासकांना जुने आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल सेवा आली तेव्हा तारलीच्या बाजारात काय बदल झाला, याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. समुद्रातूनच बंदरावरचा भाव कळू लागल्याने मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. हा फोनच्या पहिल्या आयुष्याचा, म्हणजे बोलण्याचा लाभ. पण होडी किनाऱ्यापासून लांब गेली की सिग्नल संपतो आणि हे आयुष्यही तिथे थांबते.

११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘ओखी’ने दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांचे बळी घेतले. खोल समुद्रात गेलेल्यांपर्यंत इशारा पोचवण्याचे साधनच नाही, ही उणीव तेव्हा उघडी पडली. त्यावर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेने विमानतळ प्राधिकरणाच्या साहाय्याने ‘जेमिनी’ हे उपकरण आणले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. ते ‘गगन’ उपग्रह यंत्रणेवरून वादळाचे इशारे आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती घेते आणि ब्लूटूथने होडीतल्या फोनवर दाखवते. त्या फोनला सिमची गरज नसते आणि तो नवा असण्याचीही नसते. त्या फोनवर ते अॅप चालले पाहिजे, एवढेच.

जीपीएसचेही तसेच. फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट घेतो, त्याला सिम वा इंटरनेट लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला की सिम नसलेला फोनही आपण कुठे आहोत ते सांगतो. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांमधली जाणूनबुजून ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून ही अचूकता सर्वसामान्यांना मिळाली. जुना फोन हे होडीवरचे एकमेव साधन कधीच असू नये. पण जलरोधक पिशवीत बंद करून ठेवलेले दुसरे साधन म्हणून तो खणापेक्षा होडीत जास्त शोभतो.

घरातले उपयोग साधे आहेत. दारावर किंवा गोठ्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा, पाळण्याशेजारचा कान, स्वयंपाकघरातला रेडिओ, गजर, शब्दकोश. यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ध्वनिमुद्रणाचा उपयोग. या बेटावर ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी यांच्या बोली शेजारी शेजारी नांदतात. लग्नातली गाणी, माशांची आणि वाऱ्यांची नावे, मिठागरातले शब्द माहीत असलेली पिढी थकत चालली आहे. रोजच्या फोनमध्ये जागा नसते, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. सिम काढलेला जुना फोन आजीसमोर दोन तास शांतपणे ठेवता येतो. एखाद्या बोलीचे दप्तर जमवायला याहून वेगळे यंत्र लागत नाही.

कल्हई : अडलेली वाट

मग क्रम उलटला कुठे? कल्हईपाशी. फोनमध्ये कथलाच्या थरासारखे झिजणारे दोन भाग असतात, बॅटरी आणि आज्ञावली. हे दोन बदलता आले तर उरलेला देह कितीतरी वर्षे चालतो.

लिथियम बॅटरीचे आयुष्य काही शे वेळा पूर्ण भरण्या-रिकामे होण्याइतके असते. नोकिया ११००ची बॅटरी नखाने झाकण उघडून बदलता येई. पुढे फोन पातळ करण्याच्या नादात बॅटरी आत चिकटवली गेली. तरीही मुंबईत लॅमिंग्टन रोडपासून स्थानकाबाहेरच्या टपरीपर्यंत ही कल्हई करणारे कारागीर आहेत. तापवून गोंद सोडवणे, बारीक डाग देणे ही कौशल्ये त्यांनी दुकानातच उस्तादाकडून घेतली. आजचे तांबट आणि कल्हईवाले तेच. बॅटरी किंवा काच बदलून होणारा खर्च नव्या फोनच्या तुलनेत किती, हे विचारूनच फोन टाकायचा की नाही ते ठरवावे.

आज्ञावलीची कल्हई अधिक अवघड आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केलेली ‘लिनेजओएस’ ही मुक्त कार्यप्रणाली २०१६ च्या अखेरीस सुरू झाली. कंपनीने सोडून दिलेल्या अनेक फोनवर ती अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या चालवते. ‘पोस्टमार्केटओएस’ हा २०१७ सालचा प्रकल्प तर फोन दहा वर्षे चालावा याच हेतूने सुरू झाला. पण हे करायला फोनचा बूटलोडर उघडावा लागतो. त्याची किल्ली बनवणाऱ्याकडे असते आणि अनेक कंपन्या ती देत नाहीत. वसईच्या घंटेला नव्या मंदिरात टांगताना जी परवानगी लागली नव्हती, ती इथे लागते.

हा प्रश्न सरकारदरबारी पोचला आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. २०२४ मध्ये वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती आली. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनवर अट घातली की त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि कार्यप्रणालीच्या सुधारणा किमान पाच वर्षे पुरवल्या पाहिजेत. कल्हई हा आता कायद्याचा विषय झाला आहे.

मोड : शेवटची वाट आणि डोंगर

कल्हई अडली म्हणजे फोन वेळेआधीच मोडीत जातो. मोडीतही मूल्य आहे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूची होती. ६२ लाखांहून अधिक मोबाइल आणि सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणे गोळा झाली आणि त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांस्याचे धातू निघाले. एवढ्या ढिगातून ३२ किलो, हे प्रमाणही लक्षात घ्यावे. फोनमध्ये सोने असते, पण ते नीट काढायला मोठा कारखाना लागतो. दिल्लीतल्या सीलमपुरात किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत ते ज्या रीतीने काढले गेले, ती म्हणजे तारा जाळणे आणि पट्ट्या आम्लात बुडवणे. त्याचा धूर आणि सांडपाणी तिथल्या कामगारांच्या फुप्फुसांत आणि नद्यांत गेले.

भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ साली झाले आणि मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. उत्पादकाने आपल्या मालाच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, हे त्यांचे सूत्र. जागतिक चित्र पाहिले तर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

तारोडीकरांना यासाठी जगाच्या आकड्यांपर्यंत जावे लागत नाही. मिरा-भाईंदरचा कचरा ज्या धावगी डोंगरावर जातो तो उत्तनचा, म्हणजे शेजारचाच. तिथल्या दुर्गंधीविरुद्ध, शेतात उतरणाऱ्या घाण पाण्याविरुद्ध आणि वारंवार लागणाऱ्या आगींविरुद्ध परिसरातल्या गावांनी वर्षानुवर्षे तक्रारी आणि आंदोलने केली आहेत. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. अशा ढिगात ओल्या कचऱ्याबरोबर गेलेली लिथियम बॅटरी दबली किंवा फुटली की स्वतःहून पेट घेऊ शकते. भाईंदरच्या एखाद्या इमारतीत कचऱ्याच्या पिशवीत टाकलेला फोन या गावांच्या माथ्यावर येऊन पडतो. बेटावरच्या माणसांसाठी जुन्या फोनचा प्रश्न छंदाचा नाही, तो श्वासाचा आहे.

दिवाळीच्या साफसफाईत

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत खणातला फोन हाती येतोच. तेव्हा चार शब्द जुन्या क्रमाने आठवावेत.

पहिल्यांदा त्यातली स्मृती रिकामी करावी. फोटो, क्रमांक उतरवून घ्यावेत, खाते काढून टाकावे आणि मग फोन मूळ स्थितीला न्यावा. घंटेवरचा जुना सन कुणाला नडला नाही, पण फोनमधला जुना मजकूर नडतो. बॅटरी फुगली असेल तर फोन चार्ज करू नये. ती दुकानातच काढून घ्यावी. मग घरात किंवा ओळखीत कुणाला तो जसाच्या तसा उपयोगी आहे का ते पाहावे. नसेल तर बॅटरी, काच किंवा आज्ञावली बदलून तो उभा राहतो का, हे कारागिराला विचारावे. तेही नसेल तर त्याच्या उरलेल्या इंद्रियांपैकी एखादे कामाला लावावे. सतत चार्जरवर ठेवायचा असेल तर टायमर लावावा आणि उन्हापासून दूर ठेवावा. जुना फोन विकत घेणाऱ्याने ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर त्याचा आयएमईआय क्रमांक तपासून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडत नाही. हे सारे संपल्यावर मोड, आणि तीही उत्पादकाच्या किंवा परवानाधारक संकलन केंद्राच्या हाती द्यावी, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.

यातली दोन कामे घराला एकट्याने जमणारी नाहीत. एक, बूटलोडरची किल्ली आणि सुटे भाग मिळवण्याचा हक्क, जो कायद्यानेच येईल. दुसरे, भाईंदर-मिरा रोडच्या प्रत्येक प्रभागात ई-कचऱ्यासाठी वेगळी, नियमित गाडी, म्हणजे धावगीच्या वाटेवर फोन चढणारच नाही. ही मागणी डोंगराखालच्या गावांनी करायची आहे तशी डोंगरावर कचरा पाठवणाऱ्या सोसायट्यांनीही करायची आहे, कारण फोन त्यांच्याच खणात आहेत.